बंदराच्या गस्तीसाठी कोणती बोट घ्यावी?

गस्तीबोट घ्यायची म्हटलं की चर्चा आधी वेगावर जाते. प्रत्यक्षात बंदराच्या हद्दीत बोट बहुतेक वेळ पाच-सहा नॉटनेच (ताशी दहा किलोमीटरच्या आसपास) रेंगाळते: नांगरलेल्या जहाजांभोवती फेरी, धक्क्याखालच्या खांबांत डोकावणं, अनोळखी होडीला हटकणं. १२ ऑक्टोबर २००० रोजी येमेनच्या एडन बंदरात इंधन घेणाऱ्या ‘यूएसएस कोल’ या अमेरिकी युद्धनौकेला स्फोटकांनी भरलेली छोटी बोट भिडली, १७ नौसैनिक ठार झाले. ती बोट सुसाट आली नव्हती. कामाची बोट असावी अशी सहज जवळ आली. मधे आडवं उभं राहायला कुणी असणं महत्त्वाचं होतं.

म्हणून तासन्‌तास पाण्यात काढणारी, दुसऱ्या बोटीला बिनधास्त टेकणारी बोट बघा. कडेला हवेच्या नळ्या असलेली रिब इथे सरस वाटते. हलकी, लाटेत स्थिर, आणि तपासणीसाठी कुणाच्या अंगाला लागली तरी ओरखडा नाही. पण नळ्या उन्हाने झिजतात, खांबावरच्या शिंपल्यांनी फाटतात. नळ्या पीव्हीसीच्या असतील तर कडक उन्हात लवकर जातात. हायपालॉन हे कृत्रिम रबर महाग, पण टिकतं. ॲल्युमिनियमची बोट ठोकरा खाते, तरी वेल्डिंग करून पुन्हा उभी राहते. तिला तांब्याचा अंश असलेला रंग मात्र चुकूनही लावू नका, पत्रा पोखरला जातो. फायबर स्वस्त आणि दुरुस्तीला सोपं, पण रोजच्या धडकांचं काम त्याचं नव्हे.

मधला मार्ग आहे: ॲल्युमिनियमचा सांगाडा, भोवती भरीव फोमचा पट्टा. अमेरिकी तटरक्षक दलाच्या २५ फुटी डिफेंडर बोटी अशाच होत्या. फोम फाटला तरी हवा जायचा प्रश्नच नाही. माझं मत यालाच.

इंजिनात आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून बसवलेलं इंजिन, बिघडलं तर उचलून दुसरं बसवता येतं. पण बहुतेक पेट्रोलवर चालतात, आणि तेलवाहू जहाजांच्या आसपास पेट्रोल नकोसंच. वॉटरजेट पाणी आत ओढून मागे फेकतं. त्याला बाहेर पंखा नसतो, त्यामुळे उथळ पाण्यात जाता येतं, पाण्यात पडलेल्या माणसाजवळही धोका कमी. पण बंदराचं पाणी म्हणजे प्लास्टिक पिशव्या आणि जाळ्यांचे तुकडे. ते आत ओढले गेले की जोर जातो, शिवाय संथ चालीत जेट डिझेल जास्त खातं. कचरा फार असेल तर डिझेल इनबोर्ड (बोटीच्या आत बसवलेलं इंजिन) आणि साधा पंखा बरा.

चाचणी घेताना विक्रेता बोट पळवून दाखवेलच. तुम्ही त्याला ओहोटीच्या वेळी, धक्क्याच्या कोपऱ्यात कचरा साचतो तिथे, पाच नॉटने दोन तास चालवायला सांगा.