देणगी कुठे द्यायची: आफ्रिकेतून आलेल्यांना की इथल्याच नवाहोंना?

ॲरिझोनात दिवाळी उरकली की वर्षअखेरीच्या देणग्यांचे दिवस येतात आणि मराठी घरांत तोच विषय निघतो. गावाकडे पाठवतो ते पाठवतोच, पण राहतो इथे, तर इथल्यांसाठी काय करायचं? दोन नावं हमखास पुढे येतात. एक म्हणजे फिनिक्समध्ये वसलेली सोमालिया, काँगो, सुदान इथली निर्वासित कुटुंबं. दुसरं, शहरापासून तीन-चार तास उत्तरेला सुरू होणारं नवाहो नेशन, म्हणजे नवाहो या अमेरिकेतल्या मूळनिवासी जमातीचा स्वतःचं सरकार असलेला मुलूख. मग कुणीतरी म्हणतंच, "आफ्रिकेतले लोक हात हलवत आले आणि वीस वर्षांत घरं घेतली. नवाहो तर इथलेच, त्यांचं का अडलं?"

देणगी कुठे द्यायची हे ठरवण्याआधी हा प्रश्न निकालात काढावा लागतो. तो जसा विचारला जातो, त्यातच गोम आहे.

सरळ आकडे घेतले तर फरक डोळ्यांत भरतो. सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत जन्मलेले सुमारे २१ लाख लोक २०१९ साली अमेरिकेत होते. त्यांच्या कुटुंबांचं मध्यम वार्षिक उत्पन्न साधारण ५७ हजार डॉलर, तर अमेरिकेत जन्मलेल्यांचं ६६ हजार. नवाहो जमातीची नोंदलेली लोकसंख्या चार लाखांच्या घरात आहे, पण नवाहो नेशनच्या हद्दीत राहतात पावणेदोन लाखांच्या आसपास. तिथलं कुटुंबाचं मध्यम उत्पन्न ३० हजारांच्या आगेमागे. एक तृतीयांशाहून अधिक लोक दारिद्र्यरेषेखाली, आणि जवळजवळ तितक्याच घरांत नळ नाही.

पण 'आफ्रिकी स्थलांतरित' ही एक जमात नव्हेच. नायजेरियातून आलेल्या प्रौढांपैकी ६० टक्क्यांहून अधिक पदवीधर आहेत. सोमालियातून आलेल्यांत पदवीधर थोडे, आणि त्यांच्या कुटुंबांचं उत्पन्न नायजेरियनांच्या निम्म्याच्या आसपास. म्हणजे सोमाली कुटुंबाचा आकडा नवाहोंच्या आकड्यापाशी येऊन टेकतो. बाकी या दोन घरांत साम्य कमीच.

चाळणी कुठे लागली

१९६५च्या कायद्याने अमेरिकेची दारं युरोपाबाहेरच्यांना खुली झाली, १९८०च्या कायद्याने निर्वासितांची रीतसर व्यवस्था लागली आणि १९९०च्या कायद्यातून व्हिसाची सोडत आली. सोडतीत नाव निघालं तरी किमान बारावीपर्यंतचं शिक्षण किंवा दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. शिवाय फी, तिकीट आणि इथे उतरल्यावर पहिले काही महिने तग धरायला पैसे. ह्यूस्टनमध्ये भेटणारी नायजेरियन नर्स किंवा फार्मासिस्ट ही लागोसमधल्या सर्वसाधारण माणसाची प्रतिनिधी नाही. ती चाळणीतून आलेली आहे. आपणही तसेच आलो. सिलिकॉन व्हॅलीतल्या पुणेकरांवरून महाराष्ट्राचं सरासरी उत्पन्न कुणी काढत नाही.

मग तुलना करायचीच तर नीट करावी. ह्यूस्टनच्या नर्सशेजारी फिनिक्सला येऊन इंजिनिअर झालेली नवाहो मुलगी उभी करा. दोघीही घर सोडलेल्या, दोघीही निवडून वर आलेल्या. त्यांच्यातलं अंतर बरंच कमी दिसेल. नवाहो नेशनमधल्या चिनली गावाजवळच्या वस्तीवर आजीसोबत राहिलेल्या माणसाशी ह्यूस्टनच्या नर्सची तुलना करून कुणाच्याही कष्टाळूपणाबद्दल काही सिद्ध होत नाही.

निर्वासितांना ही चाळणी लागलेली नसते. केनियातल्या ददाब किंवा काकुमा छावणीत दहा-पंधरा वर्षं काढून आलेलं कुटुंब ना शिक्षण निवडून आलेलं असतं, ना शहर. विमानाचं भाडंसुद्धा कर्जाऊ असतं आणि ते फेडावं लागतं. सुरुवातीची सरकारी मदत ९० दिवसांची. त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात मिळेल ते काम धरायचं: हॉटेलातली साफसफाई, गोदाम, कत्तलखाना, म्हाताऱ्यांची देखभाल. आधी शिक्षक किंवा डॉक्टर असलेला माणूसही टॅक्सी चालवताना दिसतो, कारण परवान्याच्या परीक्षा, त्यांची फी आणि अभ्यासाला लागणारा रिकामा वेळ या तिन्ही गोष्टी एकाच वेळी हाताशी नसतात. ही अडचण आपल्याला वेगळी समजावून सांगायला नको. ओळखीत एखादा परदेशी पदवीचा डॉक्टर असतोच.

तरीही या लोकांकडे एक गोष्ट असते, जिचं मोल आकड्यांत दिसत नाही. घानाचे लोक तिला सुसू म्हणतात, इथिओपियाचे एकुब, सोमाली हगबद किंवा अयुतो. आपली भिशीच ती. दर महिन्याला सगळ्यांनी ठरलेली रक्कम काढायची आणि पाळीपाळीने एकाने उचलायची. बँकेत पत नसलेल्या माणसाचं पहिलं वाहन, पहिलं दुकान त्यातून उभं राहतं. मुसलमान सोमाली कुटुंबांना व्याज वर्ज्य, म्हणून त्यांना तर तिची जास्तच गरज. मिनिॲपोलिसमधले सोमाली बाजार पाहिले की ही पद्धत किती दूर नेऊ शकते ते कळतं.

कमाईतला एक वाटा मात्र दर महिन्याला मायदेशी जातो. २०११च्या शेवटी मिनेसोटातल्या एका बँकेने दहशतवादविरोधी नियमांच्या धास्तीने सोमालियाला पैसे धाडण्याचा मार्ग बंद केला, तेव्हा कितीतरी घरांचा तिकडचा आधार तुटायची पाळी आली. २०२६च्या जानेवारीपासून रोखीने परदेशी पाठवलेल्या पैशांवर एक टक्का कर लागला आहे. ज्यांचं खातं बँकेत आहे त्यांना तो जाणवणार नाही. जाणवेल तो नेमका रोख पगारावर जगणाऱ्याला.

जमीन आहे, पण तारण ठेवता येत नाही

नवाहोंची गोष्ट पैशापासून नव्हे, जमिनीपासून सुरू करावी लागते. नवाहो नेशन सुमारे ७० हजार चौरस किलोमीटरचं आहे, आपल्या मराठवाड्याहून थोडं मोठं. ॲरिझोना, न्यू मेक्सिको आणि युटा अशा तीन राज्यांत ते पसरलं आहे. १८६४ साली लष्कराने हजारो नवाहोंना शेकडो मैल चालवत बॉस्क रेडोंडोच्या छावणीत नेलं. १८६८च्या करारानंतर ते परत आपल्या भूमीत आले. अमेरिकेतल्या फार थोड्या जमातींना स्वतःची मूळ भूमी अशी परत मिळाली.

पण ही जमीन अमेरिकी सरकारच्या विश्वस्ततेखाली आहे. माणूस पिढ्यान्‌पिढ्या जिथे राहतो, त्या तुकड्याचा सातबारा त्याच्या नावावर नसतो. घर बांधायचं तर एक एकरपर्यंत जागेचा ७५ वर्षांचा भाडेपट्टा घ्यायचा. त्यासाठी तिथे चराईचा परवाना असलेल्याची संमती, मोजणी, पुरातत्त्व तपासणी, पर्यावरण मंजुरी. महिने सोडा, वर्षं जातात. दुकान टाकायचं असेल तर पट्ट्याचा फेरा आणखी लांब.

याचा हिशेब असा होतो. फिनिक्समधला इथिओपियन ड्रायव्हर दहा वर्षांत कर्जावर घर घेतो, घराची किंमत वाढते, त्यावर पुन्हा कर्ज काढून दुकान सुरू करतो. नवाहो माणसाचं घर कदाचित आधीपासूनच आहे, भाडं नाही, हप्ता नाही. पण त्या घरावर बँक सहजी कर्ज देत नाही. १९९२ पासून केंद्र सरकारच्या हमीची गृहकर्ज योजना आहे खरी, तिच्यातली कागदपत्रंच अनेकांना थकवतात. म्हणून पुष्कळ जण चढ्या व्याजाने फिरतं घर विकत घेतात. त्याची किंमत मोटारीसारखी दरवर्षी उतरत जाते.

यात बेनेट फ्रीझ आठवावाच लागतो. नवाहो आणि त्यांच्या शेजारची होपी जमात यांच्या जमिनीच्या वादावरून १९६६ साली केंद्र सरकारच्या एका अधिकाऱ्याने नवाहो नेशनच्या पश्चिम भागातल्या सुमारे १५ लाख एकरांवर बांधकामबंदी घातली. नवं घर नाही, विजेची तार नाही, पाण्याची पाइपलाइन नाही. गळकं छप्पर दुरुस्त करायलाही परवानगी लागायची. ही बंदी कायद्याने उठली २००९ साली. मधल्या ४३ वर्षांत त्याच राज्यात फिनिक्स वाढत वाढत देशातल्या मोठ्या शहरांच्या पंक्तीत बसलं.

फिनिक्सकरांनी आणखी एक गोष्ट माहीत करून घ्यावी. आपल्या नळाला येणारं कोलोरॅडो नदीचं पाणी कालव्यातून शेकडो मैल आणि उंचावर चढवून आणलं जातं. ते चढवणाऱ्या पंपांना वीज पुरवत होतं पेज या गावाजवळचं नवाहो जनरेटिंग स्टेशन हे वीजकेंद्र. २,२५० मेगावॅटचं हे केंद्र नवाहो जमिनीवर उभं होतं आणि केयेंटाच्या खाणीतल्या कोळशावर चालायचं. त्याच्या उच्चदाब तारा ज्या वस्त्यांवरून जात, त्यांतल्या अनेक घरांत दिवा नव्हता. २०१९ साली खाण आणि केंद्र दोन्ही बंद पडली. चांगल्या पगाराच्या शेकडो नोकऱ्या गेल्या, नवाहो सरकारचं मोठं उत्पन्न गेलं. हवा स्वच्छ झाली हेही खरंच. पाण्याच्या हक्काची लढाई सर्वोच्च न्यायालयात गेली, तेव्हा २०२३ साली पाच विरुद्ध चार मतांनी निकाल लागला की, १८६८च्या करारानुसार पाणी मिळवून देण्यासाठी स्वतःहून पावलं उचलणं सरकारवर बंधनकारक नाही.

युरेनियमबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. १९४४ ते १९८६ या काळात इथून सुमारे तीन कोटी टन खनिज काढलं गेलं. ५०० हून अधिक सोडून दिलेल्या खाणी मागे राहिल्या, आणि काही विहिरी त्यांच्यामुळे पिण्याजोग्या उरल्या नाहीत. पिकअपच्या मागे टाकी लादून पाणी आणायला मैलोन्‌मैल जायचं, तर त्याला हेही एक कारण आहे.

नोकऱ्या मुख्यतः जमातीचं सरकार, शाळा आणि सरकारी दवाखाने यांच्याकडे. भला मोठा मुलूख, पण किराणा मालाची मोठी दुकानं जेमतेम डझनभर. त्यामुळे पगार झाला की लोक गॅलप, फार्मिंग्टन, फ्लॅगस्टाफ गाठतात आणि डॉलर हद्दीबाहेर खर्च होतो. पैसा सोमाली घरातूनही बाहेर जातो, पण तो आपल्या माणसांकडे. इथे तो दुसऱ्याच्या गल्ल्यात जातो.

मात्र नवाहोंकडे असं काही आहे, जे कुठल्याही स्थलांतरितांकडे नाही: स्वतःचं सरकार, न्यायालयं, विक्रीकर, वीजमंडळ, १९६८ साली निघालेलं दिने कॉलेज. त्यांना कुणी देशाबाहेर काढू शकत नाही. कोविडनंतर केंद्राकडून त्यांना दोन अब्ज डॉलरहून अधिक निधी मिळाला. तो खर्च करण्याचा वेग इतका मंद होता की, खुद्द नवाहो लोकांनीच आपल्या सरकारला धारेवर धरलं. पैसा कमी पडला असं म्हणता येणार नाही. तो ज्या वाटेने घरापर्यंत पोचतो, ती मंजुऱ्यांनी अडलेली आहे.

मग ठरवायचं कसं

तुमच्याकडे शनिवार-रविवार असतील तर निर्वासित कुटुंबं निवडा. त्यांना हवं असतं ते आपल्याला येतं: लायसन्सची परीक्षा, शाळेचे फॉर्म, क्रेडिट स्कोअर म्हणजे काय, पदवीचं मूल्यांकन कुठे करून घ्यायचं, मुलाखतीत काय बोलायचं. हे सगळं आपण स्वतः केलेलं आहे. घर वीस मिनिटांवर असतं, दर आठवड्याला जाता येतं, आणि परिणाम एका वर्षात पगारात दिसतो. २०२५च्या जानेवारीत नव्या निर्वासितांचं येणं थांबवलं गेलं, तशी त्यांच्यासाठी काम करणाऱ्या संस्थांची सरकारी मदतही आटली. आधी आलेली कुटुंबं तर इथेच आहेत. त्यामुळे यंदा थोडे पैसेही तिकडे वळवले तर चुकणार नाही.

तुमच्याकडे मुख्यतः पैसे असतील तर मी नवाहोंच्या बाजूने आहे. अब्जावधींच्या सरकारी निधीपुढे आपले ५०० डॉलर म्हणजे काहीच नाही, ही शंका रास्त आहे. म्हणूनच मोठ्या योजनेत टाकू नका. पाण्याची टाकी, हिवाळ्यातलं सरपण, छोटा सौर संच, एखाद्या विद्यार्थ्याची फी अशा, मंजुऱ्यांच्या फेऱ्यात न अडकणाऱ्या गोष्टींसाठी द्या, आणि नवाहो लोक स्वतः चालवतात अशाच संस्थेला द्या. जुने कपडे मात्र पाठवू नका. ते निवडायला तिथे माणसं लागतात. दागिने, गालिचे घ्यायचे तर थेट कारागिराकडून घ्या.

विजेच्या कंपनीत काम करणाऱ्यांसाठी तिसरी वाट आहे. २०१९ पासून 'लाइट अप नवाहो' या उपक्रमात देशभरच्या सार्वजनिक वीज कंपन्या आपल्या लाइनमनना काही आठवडे पाठवतात आणि घरोघर तारा ओढून देतात. तुमची कंपनी त्यात आहे का, विचारून पाहा. शहर सोडवत नसेल, तरी फिनिक्समध्ये राहणारे नवाहो पुष्कळ आहेत आणि १९४७ पासून चालणारं फिनिक्स इंडियन सेंटर इथेच आहे. या लोकांचा विचार दोन्ही बाजूंच्या वादात कुणीच करत नाही.

प्रबंधासाठी विषय शोधणाऱ्यांना एक इशारा. आफ्रिकी स्थलांतरितांची आकडेवारी जनगणना खात्याकडे देशवार मिळते, कामाला लगेच हात घालता येतो. नवाहो नेशनमध्ये लोकांवर संशोधन करायचं तर त्यांच्या स्वतःच्या संशोधन परीक्षण मंडळाची परवानगी लागते आणि तिला वेळ लागतो. दोन वर्षांची मास्टर्स डिग्री असेल तर आधी तेवढं गणित मांडा.

प्रत्यक्ष जाणार असाल तर त्या भागातल्या चॅप्टर हाउसला, म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीसारख्या स्थानिक कचेरीला, आधी फोन करा. अशी ११० आहेत, आणि कुठल्या घराला काय हवंय ते तिथे ठाऊक असतं. पावसानंतर कच्चे रस्ते छोट्या गाडीला झेपत नाहीत. उन्हाळ्यात नवाहो नेशनचं घड्याळ फिनिक्सच्या एक तास पुढे असतं, तेव्हा दहाची वेळ दिली असेल तर ती त्यांच्या घड्याळातली धरा.