सायमॅगो जर्नल रँक: आधी विषय निवडा, मग आकडा बघा

विद्यापीठाच्या ग्रंथालयात काम करते. बढतीच्या अर्जांचे दिवस आले की जो तो येऊन एकच विचारतो, "मॅडम, या जर्नलचा आकडा काय?" त्यासाठी सायमॅगोची साइट, म्हणजे संशोधनाच्या जर्नलांचा क्रम लावणारी, माझ्याकडे कायम उघडी असते. फुकट आहे, लॉगिन मागत नाही, माहिती स्कोपस या संशोधन-लेखांच्या डेटाबेसची. तरीही उघडल्या उघडल्या सगळ्या विषयांची जी एकत्र यादी समोर येते, ती मी कुणालाच दाखवत नाही.

2023 ची यादी लावून बघा. 'सीए: अ कॅन्सर जर्नल फॉर क्लिनिशियन्स' सगळ्यात वर, एसजेआर (सायमॅगो जर्नल रँकचा आकडा) 106. त्यात दरवर्षी कर्करोगाची आकडेवारी येते आणि या विषयावर लिहिणारा बहुतेक जण तिचा हवाला देतो. त्याचा इम्पॅक्ट फॅक्टरही (जर्नलमधल्या एका लेखाचा सरासरी किती वेळा हवाला दिला जातो तो आकडा) गेली काही वर्षं 200 च्या वर. 'अ‍ॅनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स' हे गणितातलं अव्वल जर्नल, त्याचा इम्पॅक्ट फॅक्टर मात्र 5 च्या आसपास. यावरून गणितवाल्यांना कामचुकार ठरवणारे महाभाग समित्यांवर असतात!

त्यांना मी तक्ता उजवीकडे सरकवायला सांगते. तिथे 'रेफ./डॉक.' असा एक रकाना आहे: एका लेखात सरासरी किती संदर्भ दिलेत. माझ्या मते अख्ख्या साइटवरची सगळ्यात कामाची गोष्ट हीच, आणि तिच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. जीवशास्त्राच्या जर्नलांत हा आकडा सहज पन्नासच्या घरात जातो, गणितात बराच कमी. देणारेच हात आखडून देतात, तर मिळणार कुठून? त्यात वेळेचा हिशेब वेगळाच. इम्पॅक्ट फॅक्टर मागच्या दोन वर्षांतले लेख धरतो, एसजेआर तीन वर्षांतले. गणितातला चांगला लेख दहा-पंधरा वर्षांनीही वापरात असतो, पण तेव्हाची सायटेशन्स, म्हणजे इतर लेखांनी दिलेले हवाले, यात मोजलीच जात नाहीत. सायटेशन कोणत्या जर्नलकडून आलं यालाही एसजेआर वजन देतो, म्हणून नुसत्या सरासरीपेक्षा तो मला बरा वाटतो. विषयाविषयांतली दरी मात्र त्यानेही बुजत नाही.

इतिहासवाल्यांची तर गोष्टच सोडा. त्यांचं महत्त्वाचं काम पुस्तकांत, आणि ही यादी जर्नलांची.

खटकणारी बाब म्हणजे क्वार्टाइल: विषयातल्या जर्नलांचे क्रमाने केलेले चार भाग, क्यू1 सर्वांत वरचा, क्यू4 तळाचा. एकच जर्नल एका विषयात क्यू1 आणि दुसऱ्यात क्यू3 असू शकतं. यादीत त्यातला सर्वांत चांगला तेवढा झळकतो. अर्जात तोच चिकटवला जातो, हे वेगळं सांगायला नको. जर्नलच्या पानावर जाऊन आपल्या विषयाचा क्वार्टाइल बघा. दोन वेगळ्या विषयांतली जर्नलं शेजारी ठेवायचीच असतील तर लायडन विद्यापीठातल्या सीडब्ल्यूटीएस या संस्थेचा 'स्निप' हा आकडा बघावा, तोही फुकट मिळतो. त्यात विषयातली संदर्भ देण्याची सवय हिशेबात घेतलेली असते. क्लॅरिव्हेट कंपनीच्या जर्नल सायटेशन रिपोर्ट्समध्ये 2021 पासून जेसीआय (जर्नल सायटेशन इंडिकेटर) हा असाच आकडा आहे, 1 म्हणजे त्या विषयाची सरासरी. वाचायला सगळ्यात सोपा, पण वर्गणी भरावी लागते.

पाचपैकी चार तारे. एक कापला तो क्वार्टाइलसाठी. आणि यादी डाउनलोड करणार असाल तर जपून: त्या फाइलीत दशांशचिन्हाच्या जागी स्वल्पविराम असतो. एक्सेलमध्ये तो आधी बदलून घ्या, नाहीतर सव्वाचे (1,250) साडेबाराशे होतात.