टीव्ही उशिरा लागतोय: कपॅसिटर बदलायचे, बोर्ड बदलायचा की नवाच घ्यायचा?

रिमोटचं बटण दाबलं की लाल दिवा लुकलुकतो, आतून टिक-टिक येते आणि पाच-दहा मिनिटांनी कधीतरी चित्र दिसतं. एकदा लागला की मग रात्रीपर्यंत बिनतक्रार चालतो. थंडीच्या दिवसांत सकाळी त्रास जास्त, दुपारी कमी. अशा जुन्या एलसीडी-एलईडी टीव्हीचा भंगारात भाव करायची घाई करू नका. दुरुस्तीच्या दृष्टीने हा सगळ्यात सोपा रोगी. मात्र महिनोन् महिने तसाच रेटत राहिलात, तर स्वस्तातलं दुखणं महागात जातं.

पॉवर बोर्डावरचे (घरच्या विजेतून टीव्हीला लागणारे छोटे व्होल्टेज देणाऱ्या बोर्डावरचे) इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, म्हणजे व्होल्टेज सपाट ठेवणारे छोटे डबे, आतून सुकतात. त्यांचा अंतर्गत रोध, म्हणजे ईएसआर, वाढतो, व्होल्टेज स्थिर राहत नाही आणि मेन बोर्ड (चित्र-आवाज सांभाळणारा) सुरू होता होता पुन्हा बसतो. बोर्ड तापला की ईएसआर थोडा उतरतो, म्हणून पाच-दहा मिनिटांनी टीव्ही लागतो. 105 अंशांवर 2000 तास असा शिक्का असलेला कपॅसिटर 75 अंशांवर साधारण 16,000 तास टिकतो, कारण तापमान दर 10 अंशांनी उतरलं की आयुष्य दुप्पट होतं. रोज सहा तास टीव्ही चालला तर ही सात-साडेसात वर्षं झाली. स्टँडबायचा कपॅसिटर मात्र चोवीस तास राबतो, त्याची वर्षाला 8760 तासांची ड्युटी. आधी तोच जातो यात नवल नाही.

दोष कुठल्या बाजूचा?

खर्चाचा अंदाज इथेच ठरतो. पॉवर बोर्डाकडून मेन बोर्डाकडे जाणाऱ्या कनेक्टरवर खुणा छापलेल्या असतात: ५ व्होल्ट स्टँडबाय (काही सेटना 3.3), पीएस-ऑन (मेन बोर्डाने पॉवर बोर्डाला दिलेला "सुरू हो" हा इशारा) आणि 12 व्होल्ट. मल्टिमीटरची काळी पिन ट्यूनरच्या पत्र्याला लावा, पॉवर बोर्डाच्या 230 व्होल्टच्या बाजूला नाही. त्या बाजूचं ग्राउंड वेगळं असतं.

स्टँडबायचे 5 व्होल्ट बटण दाबताच चारच्या आसपास कोसळत असतील तर दोष पॉवर बोर्डात. 5 व्होल्ट ठाम आहेत, पीएस-ऑन पिनवर तीनेक व्होल्ट आले, पण 12 व्होल्ट उठत नाहीत, तरीही पॉवर बोर्डच. 5 व्होल्ट ठाम असून पीएस-ऑन जागचं हलतच नसेल तर मेन बोर्डाकडे बघा. चालू सेटवर मीटर लावायची सवय नसेल तर हे काम मेकॅनिककडूनच करून घ्या, पण हे तीन आकडे त्याला विचारा. आकडे न सांगता थेट "बोर्ड गेलाय" म्हणणाऱ्याला टीव्ही देण्याआधी दुसऱ्याला दाखवा.

फक्त कपॅसिटर बदलणं

सगळ्यात स्वस्त, आणि उशिरा लागणाऱ्या टीव्हीला बहुतेक वेळा पुरेसं. एक कपॅसिटर दहा-वीस रुपयांपासून चाळीसेक रुपयांपर्यंत येतो. खरा खर्च मजुरीचा.

बदलायचे ते सेकंडरी, म्हणजे कमी व्होल्टच्या बाजूचे, ट्रान्सफॉर्मरपासून कनेक्टरकडे जाताना दिसणारे: सहसा 1000 किंवा 2200 मायक्रोफॅरड 10 व्होल्ट, आणि 470 किंवा 680 मायक्रोफॅरड 25 व्होल्ट. वरच्या पत्र्यावर इंग्रजी K किंवा अधिकच्या चिन्हासारखी चीर असते. ती सपाट असायला हवी. चिरेवर बोट फिरवलं आणि टेकाड लागलं, किंवा बुडाशी तपकिरी खपली दिसली, की तो गेला. पण सपाट दिसतो म्हणून धड आहे असं समजू नका. चांगल्या लो-ईएसआर 1000 मायक्रोफॅरडचा ईएसआर 0.1 ओहमच्या आत असतो. ईएसआर मीटरने अर्धा ओहम दाखवला तर दिसायला कितीही गोंडस असो, काढून टाका.

प्रायमरी, म्हणजे 230 व्होल्टच्या बाजूला पीडब्ल्यूएम आयसीच्या (पुरवठा चालवणाऱ्या चिपच्या) शेजारी 22 किंवा 47 मायक्रोफॅरड 50 व्होल्टचा एक छोटा कपॅसिटर असतो. तो फुगत नाही, नुसता सुकतो. सेट रात्रभर प्लगला असला की सकाळी लागतो, पण लाईट जाऊन आल्यावर लाल दिवासुद्धा लागत नाही, अशी तक्रार असेल तर आधी त्याच्याकडे आणि आयसीला सुरुवातीचा पुरवठा देणाऱ्या मोठ्या किमतीच्या रेझिस्टरकडे बघा. हा एक सुटल्यामुळे "कपॅसिटर बदलूनही फरक नाही" म्हणणारे पुष्कळ भेटतात.

नवा घेताना मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा एक पायरी वर (10 च्या जागी 16, 25 च्या जागी 35), 105 अंश आणि लो-ईएसआर. 85 अंशांचा साधा माल वर्षभरात पुन्हा दारात आणतो. उंची मोजून न्या, कारण पातळ सेटमध्ये उंच कपॅसिटर मागच्या झाकणाला टेकतो. उणे बाजूची पट्टी बोर्डावरच्या रंगवलेल्या अर्ध्या वर्तुळाकडे ठेवा. जुनं सोल्डर ओढण्याआधी थोडं ताजं सोल्डर द्या. ग्राउंडचा तांब्याचा पट्टा उष्णता खातो, तिथे 25 वॉटच्या आयर्नने घासत बसलात तर पॅड उखडतो. 50-60 वॉटचं आयर्न घ्या. फुगलेला एकच असला तरी त्या बाजूचे सगळेच बदला, सगळे एकाच वयाचे आहेत.

सावधगिरी मात्र खरोखर जिवाची. प्रायमरीच्या मोठ्या कपॅसिटरवर 325 व्होल्ट डीसी असतात, पीएफसी (व्होल्टेज आणखी चढवणारं सर्किट) असलेल्या सेटमध्ये 390 च्या आसपास. प्लग काढल्यावरही ते टिकू शकतात. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडण्याचा नाद नको. 100 वॉटच्या पिवळ्या बल्बच्या वायरी लावून रिकामा करा आणि मीटरने शून्य बघूनच हात घाला. बदल झाल्यावर पहिली चाचणी सिरीज बल्बवर, म्हणजे टीव्हीच्या वाटेत एक बल्ब जोडून: क्षणभर उजळून मंदावला तर ठीक, भगभगीत पेटून राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे.

अख्खा पॉवर बोर्ड बदलणं

फ्यूज काळाठिक्कर पडलाय, व्हॅरिस्टर (जादा व्होल्टेज झेलणारा भाग) फुटलाय, मॉस्फेट (वीज चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर) आणि आयसी दोन्ही गेलेत, तेव्हा हा पर्याय कपॅसिटरपेक्षा सरस. नुसता फ्यूज उडाला असेल तर आधी व्हॅरिस्टर आणि ब्रिज (एसीचं डीसी करणारे डायोड) तपासा. शॉर्ट न शोधता नवा फ्यूज घातला तर तोही लगेच उडतो.

बोर्ड मागताना टीव्हीचं मॉडेल सांगू नका, बोर्डावर छापलेला नंबर सांगा. एकाच मॉडेलमध्ये दोन वेगळे बोर्ड निघतात. जुन्या सेटमधून काढलेला बोर्ड स्वस्त मिळतो, पण त्याचेही कपॅसिटर तितकेच म्हातारे. ते बदलून देणार का, हे पैसे देण्याआधी विचारा. आणि स्वस्त सेटमध्ये पॉवर, बॅकलाइट (पडद्यामागचे दिवे), मेन सगळं एकाच कॉम्बो बोर्डावर असतं, तिथे हा हिशेब बिघडतो.

गगनबावडा किंवा आजऱ्याहून अख्खा टीव्ही एसटीत घालून कोल्हापूरला आणण्याची गरज नसते. वायरींचे फोटो काढा, मोठा कपॅसिटर रिकामा करा, स्क्रू काढा आणि वेगळा बोर्ड कागदात गुंडाळून आणा. पीएस-ऑनला 1 किलोओहममधून स्टँडबायचे 5 व्होल्ट देऊन आणि 12 व्होल्टच्या ओळीवर गाडीचा बल्ब लावून जाणकार मेकॅनिक टीव्हीशिवाय तपासतो.

मेन बोर्ड आणि बॅकलाइट: इथे हात आखडता

वळवाच्या विजा कडाडल्यानंतर बंद पडलेल्या सेटमध्ये डिश किंवा एचडीएमआयच्या केबलमार्गे मेन बोर्ड गेलेला असू शकतो. कंपनीचा लोगो येऊन पुन्हा पुन्हा बसत असेल तर सॉफ्टवेअर किंवा मेमरी चिप. जुना मेन बोर्ड मिळाला नाही की युनिव्हर्सल बोर्ड (अनेक टीव्हींना चालणारा) सुचवला जातो. चालतो, पण पॅनलचा नंबर, रिझोल्यूशन आणि पॅनलचं व्होल्टेज (3.3, 5 की 12) जुळवूनच. 5 च्या पॅनलला 12 चा जंपर (व्होल्टेज निवडणारी टोपी) बसला तर पॅनल गेलं, आणि पॅनल गेलं म्हणजे टीव्ही गेला.

आवाज येतो, चित्र नाही. अंधारात टॉर्च मारली की पुसट हालचाल दिसते, तर बॅकलाइट. पट्ट्यांचा पूर्ण संच बदलावा लागतो आणि त्यासाठी काचेचं पॅनल उचलावं लागतं. 32 इंचात हरकत नाही. 50 इंचाला पॅनल तडकलं तर कोण भरून देणार, हे आधीच ठरवा.

नवा घेणं

साधा 32 इंची स्मार्ट टीव्ही दहा-पंधरा हजारांच्या घरात मिळतो. दुरुस्तीचा आकडा त्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आत असेल तर दुरुस्ती करा. कपॅसिटरचं काम त्याच्या कितीतरी आत बसतं, मेन बोर्ड सीमेवर, पॅनल पार बाहेर. 32 इंचांहून मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 28 वरून 18 टक्क्यांवर आला, म्हणून मोठ्या सेटच्या महागड्या दुरुस्तीचा विचार पुन्हा करावा. कोल्हापूरच्या 2019 किंवा 2021 च्या पुरात पाण्याखाली गेलेला सेट असेल तर पैसा घालूच नका. गाळ कनेक्टरमध्ये आणि पॅनलच्या कडेला बसतो आणि दोष महिन्या-महिन्याने जागा बदलतो.

जुना देताना पॅनल धड असेल तर भंगारवाल्याआधी मेकॅनिकला विचारा, त्याला ते किलोच्या भावापेक्षा जास्त कामाचं. एलईडीच्या आधीच्या एलसीडीत बॅकलाइटच्या नळ्यांमध्ये पारा असतो, त्यामुळे तो फोडून तांबं काढणाऱ्याकडे न देता नोंदणीकृत ई-कचरा संकलकाकडे द्या.