‘असॉर्टेड कलर्स’ लिहू दिलं, तिथेच फसलो

परदेशातून वापरलेल्या गाड्या मागवून शोरूमला लावणार असाल, तर हे आधी वाचा. मला इंजिनात कुणी फसवलं नाही, रंगात फसवलं.

माझी ऑर्डर १२ गाड्यांची होती. ६ पर्ल व्हाइट, ३ सिल्व्हर, २ ग्रे, १ काळी. जगभर सर्वांत जास्त खपणारा रंग पांढरा, आणि काळा, ग्रे, सिल्व्हर हेही कुठेही चालतात. स्टॉक भरताना स्वतःची आवडनिवड बाजूला ठेवावी लागते, माल फिरला पाहिजे. मरून किंवा सोनेरी गाडी महिनोन् महिने उभी राहिली की तिच्यातला नफा व्याजच खाऊन टाकतं.

सप्लायरने यादी व्हॉट्सॲपवर मान्य केली. प्रोफॉर्मा, म्हणजे मालाआधी येणारं कच्चं बिल, आलं तेव्हा रंगाच्या जागी फक्त ‘असॉर्टेड कलर्स’, म्हणजे मिश्र रंग. मी विचारलं, तर म्हणाला, “एकेका गाडीचा रंग कुठे लिहीत बसायचा? यादी आहे ना आपल्याकडे!” मी गप्प बसलो. एल.सी., म्हणजे ठरलेले कागद मिळाले की सप्लायरला पैसे देण्याची बँकेची हमी, उघडली तीही त्याच दोन शब्दांवर.

बंदरात गाड्या उतरल्या तेव्हा पोटात गोळाच आला. ४ मरून, २ सोनेरी, ३ सिल्व्हर आणि पांढऱ्या जेमतेम ३. त्याच्या यार्डात पडून राहिलेला माल त्याने माझ्या गळ्यात मारला होता.

बँकेकडे धावलो. पैसे गेले होते, आणि बँकेची चूकही नव्हती. एल.सी.चे नियम म्हणजे यूसीपी ६००, २००७पासून लागू असलेले. त्यातलं ५वं कलम सांगतं की बँक कागदांचा व्यवहार करते, मालाचा नाही. १८व्या कलमानुसार बिलातलं मालाचं वर्णन एल.सी.शी जुळावं लागतं. ते जुळत होतं. असॉर्टेडमध्ये चार मरून गाड्या बसतात. बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे जहाज कंपनीच्या मालपावतीवर, चॅसिस नंबर होते, रंग नव्हते. व्हॉट्सॲपवरची यादी बँकेच्या लेखी नव्हतीच.

खरा धक्का पुढे बसला. एका पांढऱ्या गाडीच्या डिकीचं रबर बीडिंग जरा सैल वाटलं म्हणून ओढून पाहिलं. आत बोटभर लांब गडद हिरवी रेघ. दाराच्या बिजागरीमागेही तेच, आणि बोल्टच्या खाचेत पांढऱ्या रंगाचे कण अडकलेले. रंगाची जाडी मोजणारं मीटर लावलं. कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतो. इथे बॉनेटवर ३००च्या पुढे आकडा गेला. हिरवी गाडी पांढरी करून पाठवली होती, आणि तीसुद्धा साध्या पांढऱ्यात. पर्लमध्ये बेस, त्यावर अभ्रकाचा थर आणि वर क्लिअर कोट असतो, उन्हात तो आतून चमकतो. फोटोत हा फरक कळत नाही, यार्डातल्या दिव्याखाली काढलेल्या फोटोत तर मुळीच नाही.

१७ अंकी चॅसिस नंबरवरून रंग वाचता येत नाही, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. रंगाचा कोड गाडीवरच्या पट्टीवर किंवा स्टिकरवर असतो, बहुतेकदा दाराच्या खांबावर. टोयोटाचं उदाहरण घ्या, ०४० म्हणजे साधा पांढरा आणि ०७० म्हणजे पर्ल. या गाडीच्या पट्टीवर हिरव्याचाच कोड होता. माझ्या डोळ्यांसमोर होता, मी पाहिला नव्हता. पट्टीचा एक फोटो आधी मागितला असता, तर ही गाडी जहाजावर चढलीच नसती.

आता मी चॅसिस नंबर, रंगाचा कोड आणि रंगाचं नाव, तिन्ही एका ओळीत प्रोफॉर्मात घेतो आणि तेच शब्द एल.सी.त घालतो. तिथल्या तिऱ्हाईत तपासनिसाचा दाखला एल.सी.च्या कागदांत मागतो, त्यात पट्टीचा फोटो आणि मीटरचे आकडे हवेतच. याचा खर्च मीच सोसतो. ‘असॉर्टेड’वर अडून बसणाऱ्याशी व्यवहार करत नाही.

त्या पांढऱ्या गाडीसाठी एका ग्राहकाने आगाऊ रक्कम दिली होती. मी त्यांना बोलावलं, बीडिंग ओढून हिरवी रेघ दाखवली. अनेक देशांत नोंदणीपत्रावर रंगही असतो, उद्या ते अडकले असते. त्यांनी बराच वेळ त्या रेघेवर बोट फिरवलं. मी त्यांचे पैसे त्याच दिवशी परत केले. गाडी अजून माझ्याकडेच उभी आहे.