शेवटच्या खोलीतलं वायफाय: रिपीटर, मेश की सरळ वायर?

फायबर घरात येतं मुख्य दारातून, म्हणून राऊटरही तिथेच टांगला जातो. गरज मात्र असते शेवटच्या बेडरूममध्ये, दोन आरसीसी भिंतींपलीकडे. आमच्याकडे बाबा त्याच खोलीत बसून रात्री ताईशी व्हिडिओ कॉलवर बोलायचे आणि सारखं चित्र अडकायचं. त्यांना हॉलमध्ये येऊन बोला म्हणणं मला पटत नव्हतं.

खर्च करण्याआधी लॅपटॉप वायरने राऊटरला जोडून स्पीड मोजा. तिथेही कमीच येत असेल, तर अडचण घरातल्या वायफायची नाही. आधी इंटरनेटवाल्याला फोन करा.

मी सुरुवात केली रिपीटरने, म्हणजे राऊटरचा सिग्नल पकडून पुढे पाठवणाऱ्या छोट्या यंत्राने. स्वस्त, सॉकेटमध्ये खोचला की चालू. बाबांच्या फोनवर रेंज फुल दिसू लागली, कॉल मात्र तसाच अडकत राहिला. फोन दाखवतो ती रिपीटरपासूनची रेंज. रिपीटरला स्वतःला राऊटरकडून किती मिळतं, ते त्यात कळत नाही. शिवाय साधा रिपीटर एकाच चॅनेलवर ऐकतो आणि बोलतो, म्हणून वेग जवळपास निम्मा होतो. लावायचाच तर जिथे अजून चांगली रेंज आहे अशा मधल्या जागी लावा. एखाद्या कॅमेऱ्यापुरता तो ठीक आहे.

मेश महाग, पण भाड्याच्या घरात मी तेच सुचवेन. घरभर ठेवायचे वायफायचे दोन-तीन डबे, सगळीकडे वायफायचं एकच नाव, चालता चालता फोन आपोआप जवळच्या डब्यावर जातो. पण हे डबे आपसात हवेतूनच बोलतात, तेव्हा मध्ये जाड भिंत आली की तिथेही वेग पडतो. ट्राय-बँड (तीन रेडिओ पट्ट्यांच्या) मेशमध्ये या बोलण्यासाठी वेगळा बँड ठेवता येतो. साध्या ड्युअल-बँडमध्ये (दोन पट्ट्यांच्या) तोच रस्ता तुमच्या फोनलाही वापरावा लागतो. घेताना प्रत्येक डब्याला लॅन पोर्ट (नेटवर्कची वायर खोचायची जागा) आहे ना, तेवढं बघा. पुढे ते वायरनेही जोडता येतात, आणि मेश खरा खुलतो तो तेव्हाच.

स्वतःचं घर असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: वायर ओढा. कॅट-६ (नेटवर्कची वायर) १०० मीटरपर्यंत १ गिगाबिट, म्हणजे सेकंदाला १००० मेगाबिट नेते. फ्लॅटमध्ये एवढं अंतर होतच नाही. दुसऱ्या टोकाला जुना राऊटर अॅक्सेस पॉइंट मोडवर लावा, म्हणजे तो फक्त वायफाय देईल आणि बाकीचं काम पहिला राऊटर करेल. तो मोड नसेल तर त्याचा आयपी पत्ता (नेटवर्कमधला त्याचा क्रमांक) बदला, डीएचसीपी (इतर उपकरणांना असे पत्ते आपोआप वाटण्याची सोय) बंद करा आणि वायर वॅन (बाहेरून इंटरनेट येतं त्या) नव्हे, लॅन पोर्टमध्ये घाला. त्याचं २.४ गिगाहर्ट्झचं चॅनेल पहिल्या राऊटरपेक्षा वेगळं ठेवा: १, ६ किंवा ११.

फसायला होतं ते वायर घेताना. स्वस्त गुंडाळ्यांमध्ये तांब्याचा नुसता मुलामा आणि आत अॅल्युमिनियम असतं, म्हणून शुद्ध तांब्याचीच मागा. गिगाबिटला आठही तारा लागतात. क्रिम्पिंगमध्ये (टोकाला प्लग बसवताना) एक जरी नीट बसली नाही, तरी जोडणी बऱ्याचदा गुपचूप १०० मेगाबिटवर येते. जुन्या राऊटरचे पोर्टच १०० चे असतील तरी तेच. आणि विजेच्या वायरींच्या पाइपातून ही वायर नेऊ नका. टीव्ही किंवा टेलिफोनचा जुना पाइप मोकळा असतो, नाहीतर कडेने पट्टी मारून घ्या.

रंगकाम काढणार असाल, तर त्याच्या आधी उरका. आणि एकीऐवजी दोन वायरी ओढा. दुसरी टीव्हीला किंवा कामाच्या टेबलाला उपयोगी पडते.