थेंब थेंब सुटली म्हणजे नस उघडली म्हणे, 24 हजार गेले

कापसाच्या ट्रॉलीवरून पडलो अन् कंबरेचा मणका गेला, त्याले दोन वर्ष झाले. पायाचं सगळेच विचारतात, लघवीचं कोणी विचारत नाही अन् आपणही सांगत नाही. त्या लाजेवरच लकवा-मणका बरा करतो म्हणणाऱ्या शिबिरवाल्यांचं दुकान चालते, म्हणून आज सगळं लिहून राह्यलो, कोणाले घाण वाटली तर वाटू द्या.

नागपूरले शिकवलं होतं की दर चार ते सहा तासांनी लघवीच्या जागेतून साधी नळी घालायची, पोटातली लघवीची पिशवी रिकामी करायची, नळी काढून घ्यायची. दिवसा जमते. रात्रीचं बोला. एक वाजताचा अलार्म, पाचचा अलार्म, लाइट गेली असली की ओलिताची बॅटरी बायकोनं धरायची, हात धुवाले पाणी द्यायचं, अन् सकाळी तिले रोजानं निंदाले जायचंच असते. ती काही बोलत नव्हती पण मले दिसत होतं ना.

त्यातच तालुक्याच्या मंगल कार्यालयात शिबिर आहे असं पत्रक आलं, लकवा, मणका, लघवी, सगळं बरं. गेलो. पांढरा कोटवाला माणूस, तळपायाले लाल लाइटची मशीन लावली अन् म्हणे नस मेली नाही, झोपली आहे. बाजूच्या व्हीलचेअरवरचा एक जण सांगे मी तीन महिन्यापासून रात्री कोरडा झोपतो (तो त्यांच्याच गाडीत बसून गेला हे मामानं नंतर सांगितलं). कंबरेचा पट्टा अन् चाळीस दिवसांच्या पुड्या, 24 हजार. कापसाचे पैसे होते. पावती मागितली तर कोऱ्या चिठ्ठीवर आकडा लिहून दिला, ना नाव ना जीएसटी नंबर. अन् एक अट, रात्रीची नळी बंद, कारण नळीनं नस आळशी होते अन् हे नळीचं फॅड हॉस्पिटलवाल्यांनी आता आता काढलं म्हणे.

चौथ्या-पाचव्या रात्री चादर ओली. फोन केला तर तो खूश, अभिनंदन भाऊ, थेंब थेंब सुटली म्हणजे नस उघडली! खोटं कशाले सांगू, आमच्या घरी त्या दिवशी शिरा झाला.

तीन आठवड्यांनी हुडहुडी भरून ताप आला, लघवी गढूळ, वास मारे. सोनोग्राफीत दोन्ही किडन्या सुजलेल्या. नळी घातली तर एका दमात 900 मिली निघाली. डॉक्टरनं शांतपणे सांगितलं, रांजण भरला की वरून सांडते तशी ती सांडत होती, नस-बीस काही उघडली नाही, अन् मागचा दाब किडनीवर जात होता. फॅडचं सांगितलं तर हसले, स्वच्छ हात अन् स्वच्छ नळीची ही पद्धत अमेरिकेतल्या लापिडेस नावाच्या डॉक्टरनं 1972 मध्ये मांडली, माझ्या जन्माच्याही आधी.

काही आठवडे आतच राहणारी नळी ठेवली, आता परत घालून काढायची साधी. रात्रीचं जे पट्ट्यानं होणार होतं ते निम्मं फुकटात झालं. दिवसभर खुर्चीवर बसून पायात पाणी उतरते, आडवं झालं की तेच पाणी रक्तात येऊन रात्री लघवी वाढवते, हे मले कोणी सांगितलंच नव्हतं. आता संध्याकाळी तासभर पाय उशीवर ठेवून पडतो, सहानंतर चहा नाही, जेवणानंतर पाणी घोटभरच (दिवसाचं पाणी मात्र कमी करू नका, आपल्याकडच्या उन्हात तर मुळीच नाही). साडेदहाले नळी, तीनले एकदा, मग सकाळीच. बाटलीत मोजतो, 400-500 च्या वर गेलं की मधातलं अंतर कमी करतो. ज्याच्या घरी रात्री उठणारं कोणी नाही त्यानं डॉक्टरले विचारून रात्रीपुरती नळी अन् युरोबॅग (लघवी जमा व्हायची बाहेरची थैली) लावावी, बॅग कमरेच्या खाली टांगलेली पाहिजे अन् नळी कुठं दबली नाही पाहिजे. अन् ज्याचा मणका वर छातीकडं गेला आहे त्याचं अचानक डोकं ठणकलं, घाम फुटला, तर पहिले बसवा अन् पोटातली लघवीची पिशवी तुंबली का, नळी दबली का ते पाहा, बीपी जीव घेण्याइतकं चढते म्हणे. त्यानं उतरलं नाही तर दवाखाना गाठा.

लकव्याचा इलाज करतो अशी जाहिरात करणंच 1954 च्या कायद्यानं गुन्हा आहे, हे वकिलाकडं गेल्यावर कळलं. 1915 वर ग्राहक हेल्पलाइनले तक्रार टाकली, अन्न व औषध प्रशासनातही अर्ज दिला. पैसे आले नाही. माझ्याजवळ ती कोरी चिठ्ठी अन् फोनची रेकॉर्डिंग तेवढी आहे. कोणाजवळ त्या शिबिराचं पत्रक असलं तर फेकू नका बावा, आमचं तर आईनं चुलीत घातलं.