घरचं वेदर स्टेशन की ओक्लाहोमा मेसोनेट? कढीपत्ता वाचवताना आलेला अनुभव

मी नॉर्मनला राहते, ओक्लाहोमात, आणि ऑक्टोबर संपत आला की माझं निम्मं लक्ष उत्तरेकडे असतं. मागच्या अंगणात दोन कढीपत्ते (त्यातला एक आता खांद्याला लागतो), तुळस, अळू, एक मोगरा, सगळं कुंड्यांमध्ये, आणि पहिला मोठा कोल्ड फ्रंट (उत्तरेकडून सरकत येणारी थंड हवेची आघाडी) यायच्या आत हे सगळं गॅरेजमध्ये घ्यावं लागतं. लवकर आत घेतलं तर ऊन न मिळाल्यामुळे पानं पिवळी पडून गळतात, उशीर झाला तर एका रात्रीत काळं. म्हणजे नेमका दिवस सापडला पाहिजे, आणि तेवढ्यासाठी दोन वर्षांपूर्वी घरी लावायचं वेदर स्टेशन ऑनलाइन मागवलं, शंभर-सव्वाशे डॉलरच्या रेंजमधलं, बाहेर खांबावर सेन्सर आणि घरात रंगीत डिस्प्ले असतो ते. ब्रँडचं नाव लिहीत नाही, कारण मला जे सांगायचंय ते या किमतीतल्या सगळ्यांनाच लागू आहे. त्याची तुलना मी ओक्लाहोमा मेसोनेटशी, म्हणजे राज्यभरच्या हवामान केंद्रांच्या जाळ्याशी करतेय.

आधी चांगलं सांगते. तापमान, दमटपणा, वाऱ्याचा वेग आणि दिशा, पाऊस, हवेचा दाब, सगळं एका स्क्रीनवर दिसतं आणि रोज सकाळी चहा ठेवता ठेवता वहीत उतरवून घ्यायला दोन मिनिटंही लागत नाहीत. मी रोज सकाळी सात आणि संध्याकाळी सहाला नोंद करते. ही सवय नानांची, आमचं निफाडकडे द्राक्षांचं रान आहे, आणि थंडीत कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा पारा किती उतरला हे घरात चहाच्या आधी विचारलं जायचं. पारा फार खाली आला की मणी तडकतात, फुगवण थांबते, मग पहाटे बागेत शेकोट्या पेटवा, ठिबकचं पाणी सोडा. त्यामुळे थंडीची नोंद ठेवणं मला कधी छंद वाटलंच नाही, ते घरचं काम आहे.

आता जिथे फसले ते सांगते. पहिल्या वर्षी सेन्सर मी मागच्या भिंतीजवळ कुंपणाला लावला, दिसायला व्यवस्थित आणि वायफायलाही जवळ. भिंत विटांची. विटा दिवसभर ऊन पितात आणि रात्रभर सोडत राहतात, तर त्या रात्री डिस्प्लेवर ३८ फॅरनहाइट (म्हणजे साधारण ३ सेल्सिअस) दिसत होतं, मी निश्चिंत झोपले, सकाळी तुळस पूर्ण काळी, पानं उकडल्यासारखी लुळी पडलेली. ती तुळस आईने दिलेल्या बियांची होती, मला खूप लागलं ते. मग वाचून काढलं तर कळलं की चूक दुहेरी होती. एक तर भिंतीच्या उबेमुळे आकडाच जास्त येत होता, आणि दुसरं म्हणजे सेन्सर डोक्याच्या उंचीवर असताना जमिनीलगतची हवा आणि पानांचा पृष्ठभाग त्याहून बराच गार असतो, त्यामुळे हवेचं तापमान ३६-३७ दाखवत असतानाही गवतावर दहिवर गोठलेलं सापडू शकतं. म्हणजे ३२ (पाणी गोठतं तो आकडा) होईपर्यंत थांबायचं नाही.

दुसऱ्या वर्षी सेन्सर काढून अंगणाच्या मध्यावर खांबावर बसवला, भिंत आणि एसीच्या बाहेरच्या युनिटपासून लांब, खाली गवत. फरक लगेच दिसला, संध्याकाळचे आकडे तीन-चार डिग्रीने खाली आले. घेणाऱ्यांनी आणखी दोन गोष्टी लावतानाच कराव्यात. सेन्सरवर उत्तरेची खूण असते ती नीट उत्तरेकडे करा, नाहीतर वाऱ्याची दिशा कायम चुकीची येणार आणि फ्रंट ओळखताना सगळ्यात कामाची गोष्ट तीच आहे. आणि दाबाचे दोन आकडे असतात, एक जागेवरचा आणि एक समुद्रसपाटीला आणलेला. नॉर्मन साधारण ११७० फुटांवर आहे, त्यामुळे इथला जागेवरचा दाब समुद्रसपाटीच्या आकड्यापेक्षा सुमारे सव्वा इंच (पाऱ्याचा) कमी येतो, म्हणून समुद्रसपाटीचा आकडा सेटिंगमध्ये जवळच्या विमानतळाच्या आकड्याशी जुळवून घ्यायचा. मॅन्युअलमध्ये हे एका ओळीत उरकलंय, मला कळायला आठवडा लागला. बॅटऱ्या लिथियमच्याच घाला, साध्या अल्कलाइन ऐन थंडीत मान टाकतात.

पण एवढं सगळं नीट केलं तरी घरचं स्टेशन फक्त माझ्या अंगणात काय चाललंय तेवढंच सांगतं. फ्रंट येतोय हे त्याला फ्रंट दारात आल्यावरच कळतं. आणि मला तर तीन-चार तास आधी कळायला हवं, ऑफिसमधून येऊन पंधरा कुंड्या उचलायच्यात!

इथे मेसोनेट येतं, आणि खरं म्हणजे हा रिव्ह्यू मला त्याच्यासाठीच लिहायचा होता. ओक्लाहोमा मेसोनेट म्हणजे राज्यभर पसरलेलं स्वयंचलित हवामान केंद्रांचं जाळं, ओक्लाहोमा युनिव्हर्सिटी आणि ओक्लाहोमा स्टेट युनिव्हर्सिटी मिळून चालवतात, १९९४ पासून अधिकृतपणे सुरू आहे. जवळजवळ १२० केंद्रं, ७७ च्या ७७ काउंट्यांमध्ये किमान एक, आणि दर पाच मिनिटांनी नवीन आकडे. दहा मीटरचा टॉवर, वारा वर दहा मीटरला मोजतात, तापमान दीड मीटरला आणि नऊ मीटरलाही, शिवाय जमिनीच्या आतलं तापमान. वेबसाइट फुकट, ॲप फुकट, लॉगिनची कटकट नाही.

आता हे वापरायचं कसं ते गेल्या आठवड्याच्या वहीतूनच सांगते. सोमवारी सकाळी ६१ (आकडे सगळे फॅरनहाइटमध्ये), वारा दक्षिणेचा, मंद. मंगळवारी सकाळी ६६, दक्षिणेचा वारा वाढलेला, खिडकीच्या काचेला बाहेरून घाम, म्हणजे मेक्सिकोच्या आखाताकडची ओल इथपर्यंत पोचली. ऑक्टोबरअखेर सकाळ अशी चिकट उबदार झाली की नवीन माणसाला वाटतं थंडी लांबली, पण इथे राहून राहून कळलंय की फ्रंटच्या आदल्या दिवशी हमखास असंच होतं, दाब उतरत जातो, दक्षिणेचा वारा सुसाटतो आणि तापमान उगाच चढतं. बुधवारी दुपारी तीनला माझ्या डिस्प्लेवर ८४ (२९ सेल्सिअस), झाडांच्या फांद्या सगळ्या उत्तरेकडे झुकलेल्या, शेजारी हाफ पँटवर गवत कापत होते. त्याच वेळी मेसोनेटचा नकाशा उघडला तर वायव्येला, पॅनहँडलमधल्या (राज्याचा पश्चिमेकडचा चिंचोळा पट्टा) बॉइज सिटी आणि गुडवेलला वाऱ्याचे बाण उलटे फिरलेले, उत्तरेकडून, आणि तापमान पन्नाशीच्याही खाली. एकाच राज्यात एकाच मिनिटाला दोन ऋतू. मग मी दर अर्ध्या तासाने बघत राहिले, आधी वुडवर्डचा बाण फिरला, मग सीलिंग, मग वाटोंगा, किंगफिशर. एखादी ओळ पुढे सरकत यावी तसं. दोन केंद्रांमधलं अंतर आणि बाण फिरल्याच्या वेळा बघून हिशेब केला तर नॉर्मनला साडेसातच्या सुमाराला पोचेल असं निघालं, आणि सात चाळीसला आला. पंधराही कुंड्या तोवर आत!

तो क्षण मी अंगणात उभं राहून बघितला. आधी वारा पूर्ण पडला, मिनिट-दीड मिनिट पान हललं नाही, मग उत्तरेकडून मातीचा वास आला आणि पाठोपाठ गार झोत, इतका की दोरीवरचा टॉवेल कुंपणापलीकडे गेला. डिस्प्लेवर दिशा फिरली, दाब चढायला लागला, वीस मिनिटांत ७७ चे ६३ झाले आणि दहा वाजता ५०. लक्षात घ्या, आधी वाऱ्याची दिशा, मग दाब, आणि तापमान त्यांच्या मागून. म्हणून नुसता पारा बघणाऱ्याला उशीर होतो.

हा तर साधा फ्रंट होता. पारा एकदम कोसळवणाऱ्या ज्या फ्रंटला इथली जुनी माणसं ब्लू नॉर्दर म्हणतात त्यातला सगळ्यात गाजलेला ११ नोव्हेंबर १९११ चा, त्या दिवशी ओक्लाहोमा सिटीला दुपारी ८३ फॅरनहाइट होतं आणि मध्यरात्रीपर्यंत १७, म्हणजे २८ सेल्सिअसवरून उणे ८, आणि त्या तारखेचा उच्चांक आणि नीचांक दोन्ही त्याच एका दिवसाचे. तेव्हा लोकांकडे असा नकाशा नव्हता, दुपारी उघड्यावर कामाला गेलेल्या माणसांचं काय झालं असेल हा विचार केला की अंगावर काटा येतो.

गुरुवारी नानांना फोन केला, म्हटलं फ्रंट येऊन गेला, पहाटे ४१ होतं, फार काही झालं नाही, आता कुंड्या परत बाहेर ठेवू का. नाना म्हणाले, "नुसता पारा नको बघू, वारा पडला का ते बघ. वारा चालू आहे तोवर भ्या नाही." आणि तेच झालं. फ्रंटच्या रात्री वारा असतो, हवा ढवळत राहते. खरी गारठ्याची रात्र दुसरी, वरून कोरडी जड हवा येऊन बसते, आभाळ स्वच्छ, वारा शांत, आणि जमिनीची सगळी ऊब सरळ वर निघून जाते. गुरुवारी रात्री मेसोनेटवर बघितलं तर नऊ मीटरवरचं तापमान दीड मीटरपेक्षा सहा डिग्रीने जास्त, म्हणजे वर ऊब आणि खाली थंडीचं तळं. घरचं कुठलंच यंत्र हे दाखवत नाही, माझ्यासाठी मेसोनेटची सगळ्यात मोलाची गोष्ट हीच. शुक्रवारी पहाटे माझ्याकडे ३३, गवत पांढरं. निफाडच्या बागेत शिकलेलं इथे नॉर्मनला असं जसंच्या तसं उपयोगी पडलं, नानांना सांगितलं तर किती खूश झाले.

मेसोनेटमध्ये उणं काय? ॲपवर इतके नकाशे आहेत की पहिल्यांदा बघणारा गोंधळतो, मी तीनच वापरते, वारा, तापमान आणि तीन तासांतला तापमानाचा फरक. बाण वाचायला शिकावं लागतं, शेपटी ज्या बाजूला त्या बाजूने वारा येतो, एकदा कळलं की विसरत नाही. आणि केंद्र मोकळ्या माळावर असतं, तुमचं अंगण खोलगट भागात असेल तर तुमच्याकडे अजून दोन-तीन डिग्री कमी धरा. माझा नेमका किती फरक पडतो ते मला वहीतल्या दोन वर्षांच्या नोंदींमुळे माहीत आहे, आणि त्याच एका कारणासाठी घरचं स्टेशन मी ठेवलंय.

तर मार्क द्यायचे तर मेसोनेटला पाचपैकी पाच, घरच्या स्टेशनला साडेतीन, आणि तेही नीट जागी लावलं तर. पावसासाठी मात्र त्याच्यावर विसंबू नका, धो धो पावसात त्यातली डोलणारी वाटी कमी मोजते, त्यासाठी मी कोकोराझवाल्यांचं (घरोघरी पाऊस मोजणाऱ्या स्वयंसेवकांचं जाळं) चार इंच व्यासाचं साधं प्लास्टिकचं पर्जन्यमापक घेतलंय, इंचाच्या शंभराव्या भागापर्यंत डोळ्यांनी वाचता येतं आणि बॅटरीच नाही. कॅन्सस, केंटकी, न्यूयॉर्क, पश्चिम टेक्सास, इथेही स्वतःची मेसोनेट आहेत, तिकडे राहणाऱ्या मराठी मंडळींनी आपापली शोधून ठेवा.

तुळस यंदा गॅरेजच्या खिडकीशी आहे, नवीन बियांची, मंजिऱ्या आल्यात. पुढचा फ्रंट रविवारी दाखवतायत, आज सकाळी वारा दक्षिणेचा, ५८, दाब उतरायला लागलाय.